बाहेरच्या देशात सोसलेला भेदभाव आणि आपल्या गावातला: सीमाभागातल्या लोकांनी लिहा

मलप्रभाकाठ
शनिवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. माझं गाव खानापूर तालुक्यात. बेळगावात नर्सिंग शिकले, पुढे काही वर्षं आखातात नोकरी केली आणि आता इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका सरकारी हॉस्पिटलात आहे. आपल्या भागातून किती माणसं बाहेर गेलीत बघा. कुणी दुबईत वेल्डर, कुणी मस्कतला ड्रायव्हर, कुणी आयर्लंडमध्ये सिस्टर, कुणी अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये. सुट्टीला आली की सोन्याचे, घराच्या स्लॅबचे विषय निघतात. तिथे वागणूक कशी मिळाली हे मात्र कुणी बोलत नाही. आईवडिलांच्या जिवाला लागेल म्हणून, नाहीतर गावात मान जाईल म्हणून. ते कुठेतरी लिहिलं जावं यासाठी हा धागा काढतेय.

आधी आखातातलं. तिथे आमचा पगार पासपोर्ट बघून ठरायचा. वॉर्ड एकच, ड्युटी एकच, पेशंट तेच. ब्रिटिश पासपोर्टवाली सिस्टर सगळ्यांत वर, आणि केरळच्या, कर्नाटकच्या, नेपाळच्या आम्ही मुली सगळ्यांत खाली. आमच्यातली एक हैदराबादची. रंग माझ्याइतकाच सावळा, इंग्रजी माझ्यासारखंच. पण तिच्याकडे कॅनडाचा पासपोर्ट होता, म्हणून तिचा पगार गोऱ्यांच्या यादीत. त्या दिवसापासून ‘रंगभेद’ हा शब्द मला अपुरा वाटतो.

आणि आमच्याही खाली माणसं होती. पहाटे लेबर कॅम्पातून बांधकामावर जाणाऱ्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपलेली बिहारची, बांगलादेशची, तेलंगणाची माणसं. शुक्रवारी मॉलच्या दारावरचा गार्ड त्यांना ‘आज फक्त फॅमिली’ म्हणून परत पाठवायचा. आम्ही सिस्टर आत जाऊ शकत होतो. गार्ड स्वतः नेपाळी किंवा पाकिस्तानी असायचा. व्हिसा मालकाच्या नावाला बांधलेला, मालकाने सोडल्याशिवाय दुसरी नोकरी धरता यायची नाही, याला तिकडे कफाला म्हणतात. कतारमध्ये तर देश सोडायलाही मालकाची परवानगी लागायची. कायद्याने ते २०२० पर्यंत टप्प्याटप्प्याने बदललं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवायची सवय मात्र कायद्याइतकी पटकन जात नाही.

इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळी. इथे तोंडावर कुणी क्वचितच बोलतं. एक म्हातारे पेशंट मला म्हणाले, ‘इंग्लिश नर्स पाठवा.’ आमच्या मॅट्रनबाई गोऱ्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘ही आमची नर्स आहे, हिच्याकडून औषध घ्या.’ एप्रिल २०२० पासून इथल्या सरकारी आरोग्यसेवेत नियमच आहे की पेशंट वंशावरून अपमान करत असेल आणि त्याच्या जिवाला धोका नसेल, तर उपचार नाकारता येतात. नियम पाठीशी असला की माणसाची पाठ ताठ राहते, हे मी अनुभवलंय.

पण इथे आणखी एक गोष्ट बघतेय. आमच्या मजल्यावर झाडलोट करणारी बाई गोरी, इंग्लिश, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. तिचे उच्चार ऐकले की मोठ्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मला ओळखीचा आहे. इथला २०१० चा समानता कायदा नऊ कारणांवरून भेदभाव करायला मनाई करतो: वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व वगैरे. त्या नऊत ‘वर्ग’ नाही. मला कुणी काही बोललं तर मी तक्रार करू शकते. तिला तिच्या बोलण्यावरून, वस्तीवरून कमी लेखलं तर तिने कुठे जायचं?

तुम्ही लिहा. घर भाड्याने शोधताना, पगारात, पंगतीत, सोयरीक जमवताना काय झालं ते. आणि बाहेर राहून आल्यावर आपल्या गावात काय दिसायला लागलं, तेही.

टिळकवाडी_जुना
शनिवार, रात्री १०:१५

ताई, चांगला विषय काढलात. आमचे धाकटे काका १९६० च्या दशकात इंग्लंडला फाउंड्रीत गेले होते. भाड्याच्या खोल्यांच्या खिडकीत ‘काळ्यांना खोली नाही’ अशा पाट्या असायच्या, हे त्यांच्याकडून ऐकलंय. तिथे १९६५ ला पहिला वंशभेदविरोधी कायदा आला, पण तो हॉटेल, बस अशा सार्वजनिक जागांपुरता. घर आणि नोकरी त्यात नव्हती. ती १९६८ च्या कायद्यात आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतही घरभाड्यातला आणि घरविक्रीतला वंशभेद बंद करणारा कायदा झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात.

आपल्या देशात खाजगी घरमालकाला जात, धर्म विचारून खोली नाकारायला सरळ मनाई करणारा असा कायदा आजही नाही. बेळगावात ‘फक्त शाकाहारी’ अशी पाटी बिनधास्त लागते. शाकाहारी म्हणजे कोण, हे लावणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही.

सीमावासी_५६
शनिवार, रात्री ११:०३

विषय महत्त्वाचा आहे, पण मी वेगळं लिहिणार. आपल्यावर १९५६ पासून भाषेचा अन्याय चालू आहे. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातलं. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. निकाल अजून नाही. माझ्या वडिलांना सातबारा कन्नडमध्ये मिळायचा, वाचून घ्यायला दुसऱ्याकडे जायला लागायचं. सरकारी कचेरीत मराठीत अर्ज दिला म्हणून बाजूला सारलेला मी डोळ्यांनी बघितलाय. आपलीच मानहानी रोज होत असताना आपण आपल्याच लोकांचे दोष काढत बसलो, तर समोरच्याला आयतं कोलीत मिळतं. हे मला मनापासून वाटतं म्हणून लिहिलं. ताई, राग मानू नका.

दांडेली_रस्ता
रविवार, सकाळी ७:२०

मी सिद्दी आहे. मूळ घर हल्याळ तालुक्यात, आता खानापूर तालुक्यात असतो. घरी कोकणी बोलतो, गावात मराठी, शाळा कन्नडमध्ये झाली. आईच्या मांडीवर ऐकलेली भजनं मराठी. मी कधी परदेशी गेलो नाही. पण परदेशी असण्याचा अनुभव मला लहानपणापासून आहे.

बसमध्ये बसलो की शेजारचा विचारतो, ‘कुठले ओ तुम्ही?’ मी म्हणतो, खानापूरचा. ‘नव्हे, मूळ कुठले?’ हल्याळचा. ‘तसं नव्हे, देश कुठला?’ एकदा मित्रांबरोबर एक जुना किल्ला बघायला गेलो. तिकीट खिडकीवर बाकीच्यांना साधं तिकीट दिलं आणि मला परदेशी पाहुण्याच्या दराचं. आधार कार्ड दाखवलं तर ते उलटंसुलटं करून बघितलं. मी अस्खलित मराठीत बोललो तर आतले दोघं हसायला लागले, जणू प्राणी बोलला. मित्रांनी भांडून साधं तिकीट मिळवून दिलं. ते आत गेले. मी बाहेरच्या झाडाखाली बसलो, मला बघायची इच्छाच राहिली नाही.

आमचे पूर्वज आफ्रिकेतून आले. पुष्कळांना पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गुलाम करून गोव्यात आणलं, काही अरब व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आले. गोव्यातून पळून घाट चढून जे रानात शिरले, त्यांची आम्ही लेकरं. आज हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड, आणि इकडे खानापूर, कलघटगी भागात आमची घरं आहेत. आमच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन तिन्ही आहेत. म्हणजे आम्ही इथे कित्येक शतकं आहोत. सीमाभागातल्या कितीतरी घराण्यांपेक्षा जास्त वर्षं. तरी ‘मूळ कुठले’ हे आम्हालाच विचारलं जातं.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. आमच्यातला पहिला माणूस विधान परिषदेत गेला तो २०२० मध्ये, शांताराम सिद्दी. १९८० च्या दशकात क्रीडा प्राधिकरणाने आमची मुलं पळायला, खेळायला निवडून नेली, कारण आफ्रिकी रक्त म्हणजे जोरात पळणार. काही वर्षांनी योजना बंद झाली आणि मुलं परत रानात, मजुरीला. आमच्या बायका जुन्या साड्यांचे तुकडे जोडून कवंदी शिवतात, ती आता शहरात प्रदर्शनात मांडतात. कवंदी घरात चालते, शिवणारी बाई सोफ्यावर बसलेली चालते का, ते मी विचारत नाही. मला उत्तर माहीत आहे.

२०१६ च्या जानेवारीत बेंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. अपघात दुसऱ्याच्या गाडीने झाला होता, सुदानच्या माणसाच्या. तिचा संबंध एवढाच की तीही काळी. तेव्हा माझा चुलतभाऊ बेंगळुरूत सिक्युरिटीत होता. तो महिनाभर रात्री रूमबाहेर पडला नाही.

सीमावासीदादा, तुमचा सातबारा कन्नडमध्ये होता हे दुःख मी समजू शकतो. आमच्या बहुतेकांना सातबाराच नाही. जमीन दुसऱ्याची, आम्ही राबणारे. मोर्चाला माणसं कमी पडली की आमच्या पाड्यावर ट्रक येतो, मराठी म्हणून. त्याच घरांत आम्हाला चहा बाहेर, पायरीवर.

आता माझी भाची बारावी झाली. बेळगावात बीएस्सीला घालायचंय. बहीण आणि मी खोल्या बघत हिंडतोय. फोनवर माझं मराठी ऐकून ‘या की बघायला’ म्हणतात. दारात गेलो की खोली ‘आत्ताच गेली’ असते.

अनगोळची_सून
रविवार, सकाळी ८:०५

दादा, वाचून पोटात तुटलं. भाचीसाठी मी बघते. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. सासूबाईंशी बोलून इथेच लिहिते.

चपलेचा_टाका
रविवार, सकाळी १०:५०

आमचं घर निपाणीकडचं. आजोबा, पणजोबा चामड्याचं काम करायचे. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमवायचं, मग कापायचं, वेणी घालायची, टाका मारायचा. तुम्ही ज्याला कोल्हापुरी चप्पल म्हणता, ती अथणी आणि निपाणी भागातही तेवढीच बनते. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकचेही चार जिल्हे त्यात आले, बेळगाव धरून. २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दिसली तेव्हा सगळे खवळले, आमची संस्कृती चोरली म्हणाले. मला त्या ‘आमची’ची गंमत वाटली नाही, राग आला. चप्पल आमची म्हणणाऱ्यांनी ती बनवणाऱ्यांना कधी ‘आमचे’ म्हटलं? मी शाळेत असताना पोरं नाक धरून बाजूला सरकायची. वास घरातल्या कुंडाचा होता, आणि त्या कुंडातून निघालेली चप्पल त्यांच्या बापाच्या पायात होती.

मी इंजिनिअर झालो आणि एका यंत्रांच्या कंपनीतर्फे जपानला, ओसाकाच्या बाजूला राहिलो. तिथे मी परदेशी, त्यामुळे ट्रेनमध्ये शेजारची सीट कितीदा रिकामी राहायची ते काही सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. तिथे बुराकुमिन म्हणून एक समाज आहे. चेहरा, भाषा, धर्म, सगळं बाकी जपान्यांसारखंच. फरक काय, तर पूर्वज कातडं कमवायचे, मेलेली जनावरं ओढायचे, सुळावर देणाऱ्याचं काम करायचे. १८७१ ला सरकारी फर्मान निघालं, आजपासून हे सगळ्यांसारखे. कागदावर संपलं. पण माणूस रंगाने ओळखता येत नाही म्हणून पत्त्यावरून ओळखू लागले. १९७५ मध्ये उघडकीला आलं की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून गुपचूप विकल्या जात होत्या आणि मोठमोठ्या कंपन्या त्या विकत घेत होत्या. नोकरीला आलेला मुलगा त्यातल्या गावचा तर नाही ना, हे बघायला. सोयरीक जोडण्याआधी डिटेक्टिव्ह लावायचे.

हे मला तिथल्या एका वयस्क सहकाऱ्याने सांगितलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून, हळू आवाजात. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे यादी छापायची गरज पडत नाही, आडनाव विचारलं की झालं. आडनावावरून कळलं नाही तर ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ विचारतात. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी माझ्याकडून आमचं आडनाव तीन वेळा म्हणून घेतलं, नीट उच्चार यावा म्हणून. त्यांचं स्वतःचं घर कुठलं ते मी विचारलं नाही.

त्या समाजाची संघटना क्योटोत १९२२ ला उभी राहिली. आणि आमच्या निपाणीत एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृतांची परिषद भरली होती. माझे पणजोबा तिथे सतरंज्या घालायला होते असं घरात सांगतात. निपाणीचं नाव निघालं की तंबाखू आणि सीमाप्रश्न एवढंच बोललं जातं, म्हणून ही नोंद करून ठेवतो.

खाणवाला
रविवार, दुपारी २:३०

मी दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गला, खाणीच्या यंत्रांच्या कामावर होतो. तिथे गोऱ्यांचं राज्य असतानाचा लोकसंख्या नोंदणीचा कायदा आणि कोणी कुठल्या भागात राहायचं तो कायदा, दोन्ही १९५० चे. माणसाचा वंश सरकार कागदावर लिहायचं आणि त्याप्रमाणे घर, शाळा, हॉस्पिटल ठरायचं. केसात पेन्सिल घालून ती अडकते की पडते, यावरूनही माणसाचा वर्ग ठरवलेला आहे. एकाच घरातले भाऊ वेगळ्या रकान्यात गेले. १९९४ ला सगळ्यांनी मिळून मतदान केलं आणि ते राज्य गेलं.

घरांची रचना मात्र तशीच राहिली. आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या मागे कामवालीची खोली, वेगळा नळ, वेगळा संडास. स्वयंपाकघरात सिंकखाली एक पत्र्याचा मग आणि एक ताटली. घरमालकीण गोरी. तिने दाखवताना सांगितलं, हे बाईचं. आमच्याबरोबर भारतातून आलेली तीन-चार कुटुंबं होती. सगळ्यांनी ती व्यवस्था जशीच्या तशी चालू ठेवली, कुणाला शिकवावं लागलं नाही. माझी बायको शहापूरची. तिने पहिल्याच आठवड्यात तो मग फेकला आणि बाईला आपल्या कपात चहा दिला. बाई घाबरली, कप धरेना. म्हणाली, मॅडम, मोडला तर?

सुट्टीला गावी आल्यावर आजीच्या घरामागे गेलो. गोठ्याच्या भिंतीत कोनाडा आहे, त्यात कानतुटका कप. लहानपणापासून बघत आलेला.

पेठेतला_मास्तर
रविवार, दुपारी ४:१०

एक माहिती जोडतो. इस्रायलमध्ये आपली मराठी बोलणारी माणसं आहेत, बेने इस्रायली, कोकणातून गेलेली. १९४८ नंतर आपल्या धर्माच्या देशात म्हणून हौसेने गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की यांचं लग्न इतर ज्यूंशी लावायचं असेल तर आधी त्यांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करा, हे खरे ज्यू आहेत का बघा. त्यावर जेरुसलेमला बायकापोरांसह धरणं धरलं आणि १९६४ ला तो आदेश मागे घ्यावा लागला. याच समाजात कोकणात असताना ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट होते, आणि गोरे काळ्यांशी सोयरीक करत नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच समाजाच्या आहेत. मुलांना शिकवताना मी दोन्ही सांगतो.

घटप्रभा_टू_न्यूजर्सी
रविवार, रात्री ८:४५

अमेरिकेतून लिहितेय. मास्तरांचं वाचून भगतसिंग थिंद यांचा खटला आठवला. ते पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तेव्हा नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या माणसांनाच मिळायचं. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की ते उच्च जातीचे, आर्य वंशाचे, म्हणून गोऱ्यांत धरावेत. हिंदुस्थानातल्या मूळ रहिवाशांकडे उच्च जातीचे ज्या नजरेने बघतात, तीच गोऱ्याची काळ्याकडे बघायची नजर, असाही आधार त्यात घेतला होता. १९२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पुस्तकात काही असो, सामान्य माणसाच्या नजरेत तुम्ही गोरे नाही. त्यांना मिळालेलं नागरिकत्व गेलं. त्यानंतर आधी मिळालेलं नागरिकत्वही बऱ्याच भारतीयांकडून काढून घेतलं.

बरोबर पन्नास वर्षं आधी, १८७३ ला, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. एका मराठी माणसाने तिकडच्या काळ्यांच्या सुटकेत आपल्या शूद्रातिशूद्रांची सुटका बघितली. आणि आपलीच शिकलेली माणसं तिकडे जाऊन गोऱ्यांच्या बाकावर सरकून जागा मागत होती. माझ्या आसपास आजही दुसरी तऱ्हाच जास्त दिसते. काळ्यांच्या वस्तीतून गाडी नेताना काचा वर करणं नव्याने आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी भारतीयच शिकवतो. २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी केली, तेव्हा आमच्या मराठी गटात किती आदळआपट झाली! गोऱ्याने ‘परत जा’ म्हटल्यावर एकी करणारे तेच लोक होते.

चिकोडी_रस्ता
सोमवार, सकाळी ९:३०

माझं घर कन्नड, शाळा निपाणीची मराठी, म्हणून मराठीत लिहितो. चुका असतील तर समजून घ्या. सीमावासी अण्णा, तुमच्या वडिलांचं खरं आहे. माझ्या मामांचंही सांगतो. ते मुंबईत उडुपी हॉटेलात होते. १९६६ नंतर तिथे दाक्षिणात्यांविरुद्ध जे वारं सुटलं, त्यात हॉटेलावर दगड आले. मामा मराठी बोलायचे, तरी दगड आले. माझ्या घरात कर्नाटकवाले चांगले आणि मराठी वाईट असं कुणी शिकवलं नाही, पण मामांच्या कपाळावरचा व्रण सगळ्यांनी बघितलाय.

आणि आत्ताचं सांगायचं तर बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत जाऊन बघा. फाउंड्रीत भट्टीजवळचं, वाळूचं, ग्राइंडिंगचं काम आता बहुतेक बिहार, झारखंड, ओडिशाची पोरं करतात. एका खोलीत सातआठ जण. मालक मराठी असो, कन्नड असो, गुजराती असो, त्यांना ‘ए भैय्या’ म्हणूनच हाक. मलप्रभाताईंनी लेबर कॅम्पच्या बसचं लिहिलं ते वाचताना मला हीच पोरं दिसली.

मलप्रभाकाठ
सोमवार, रात्री १०:२०

सगळ्यांची उत्तरं ड्युटी संपवून एकदमच वाचली.

सीमावासीदादा, मला तुमचा राग आला नाही. माझ्या घरीही मराठी शाळा बंद पडल्याचं दुःख आहे. पण तुमचं एक म्हणणं मला अजिबात मान्य नाही, की आपल्यातलं बोललं की समोरच्याला कोलीत मिळतं. इथला, इंग्लंडमधला एक निकाल सांगते. बिहारमधली एक आदिवासी बाई घरकामाला इथे आणली होती. आणणारे भारतीय वंशाचेच. तासाला अकरा पेन्स पडेल एवढ्या पैशात तिच्याकडून वर्षानुवर्षं काम करून घेतलं, झोपायला जमिनीवर गादी, पासपोर्ट त्यांच्या ताब्यात. २०१५ ला न्यायाधिकरणाने तिला जवळजवळ एक लाख चौऱ्याऐंशी हजार पौंड थकलेला पगार द्यायला लावला. तिच्या खटल्यात पहिल्यांदा ठरलं की जातीवरचा भेदभाव इथल्या कायद्यात वंशाखाली येऊ शकतो. त्या वेळीही काही लोक म्हणत होते की यामुळे गोऱ्यांसमोर आपली बदनामी होते. बदनामी त्या बाईने केली का? जमिनीवरची गादी कुणी घातली होती?

माझ्यासाठी त्या म्हाताऱ्या पेशंटला उत्तर द्यायला मॅट्रनबाई उभ्या राहिल्या. त्या गोऱ्या होत्या, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. दांडेलीदादांच्या भाचीला दारातून परत पाठवतात तिथे आपण मराठे, लिंगायत, ब्राह्मण, जैन, जे कुणी घरमालक आहोत त्यांनी बोललं पाहिजे. दादांनी नव्हे. त्यांनी किती दारांत आपली शतकं मोजून दाखवायची?

टिळकवाडीकाकांनी कायद्याचं लिहिलं त्यात भर. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराच्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक बहिष्कार आला, पण एकट्या घरमालकाने ‘खोली गेली’ म्हटलं तर ते सिद्ध करणं किती अवघड आहे ते कुणाही वकिलाला विचारा. अमेरिकेत १९६८ नंतरही लोक खोटं बोलायचेच. मग संघटनांनी एक पद्धत काढली. आधी काळ्या जोडप्याला पाठवायचं, ‘गेली’ म्हटलं की तासाभरात गोऱ्या जोडप्याला त्याच दारात. दोन्हींची नोंद ठेवायची. आपल्याकडे कायदा यायचा तेव्हा येईल, ही नोंद आपण आजपासून ठेवू शकतो. बेळगावातल्या कॉलेजच्या मुलांनी मनावर घेतलं तर एका सुट्टीत होईल.

सीमावासी_५६
मंगळवार, सकाळी ६:४०

भाषेबद्दलचं माझं मत कायम आहे, ते सोडणार नाही. पण दांडेलीदादांनी ट्रकचं लिहिलं ते रात्रभर डोक्यात होतं. मोर्चाला आमच्या गल्लीतूनही ट्रक जातात. यावेळी बैठकीत मी हा विषय घालणार: पाड्यावर ट्रक पाठवायचा असेल तर आधी पाड्याच्या जमिनीचा आणि दाखल्यांचा प्रश्न मागण्यांच्या यादीत घ्या. घेतला नाही तर पाठवू नका. उत्तर काय मिळतं ते लिहीन. खोल्या दाखवायला कुणी बरोबर हवं असेल तर मी येतो, माझी टिळकवाडीत, शहापुरात पुष्कळ ओळख आहे. आधी दादांना एकटं पाठवू आणि मागून मी जाईन. ताई म्हणतात ती नोंद तिथूनच सुरू करू.

अनगोळची_सून
मंगळवार, दुपारी १:१५

सासूबाई आधी ‘बघू’ म्हणाल्या. मी त्यांना दादांचं पोस्ट मोठ्याने वाचून दाखवलं. किल्ल्याचा भाग आला तेव्हा त्यांनी परत वाचायला लावलं. खोली द्यायची ठरलंय. मटण-मासे शिजवायला आमची हरकत नाही, आम्हीही खातो. पाणी सकाळी येतं, भरून ठेवावं लागतं. भाडं निम्मं घेऊ, मुलगी शिकायला येतेय.

दांडेली_रस्ता
मंगळवार, रात्री ८:००

ताई, तुमचे आणि सासूबाईंचे आभार. रविवारी बहीण आणि भाचीला घेऊन येतो. भाडं निम्मं नको. त्या गल्लीत बाकीच्या मुली जे देतात तेच आम्ही देऊ, डिपॉझिटही तेवढंच. आणि अकरा महिन्यांचा करार रीतसर कागदावर करूया, भाचीचं पूर्ण नाव घालून. बहिणीला कन्नड वाचता येतं आणि तुम्हाला मराठी, तर दोन्ही भाषांत लिहू. सीमावासीदादा, शनिवारी मी मोकळा आहे. सकाळी नऊला टिळकवाडीत भेटू, तीन-चार पत्ते माझ्याकडे आहेत जिथे खोली ‘आत्ताच गेली’ होती.